अकराजण

"दिगंबर, ते नाव काढू नकोस."

मगदूम काकू प्रेसच्या पायरीवर उभ्या होत्या. आत यावं की तिथूनच बोलून परत जावं, हे त्यांचं ठरत नसावं. हातात रुमालात गुंडाळलेला मोबाइल होता. मी एका लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचत बसलो होतो.

"कोणतं नाव, काकू?" मी विचारलं. खरं तर मला कळलं होतं.

"संगणकावरच्या पानावरचं. अभिनंदनचं."

अभिनंदन त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याला जाऊन तेव्हा सव्वीस दिवस झाले होते. बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये तो सुपरवायझर होता. वय एकतीस. सकाळी कामावर गेला, छातीत दुखतंय म्हणून बॉक्सच्या थप्पीला टेकून बसला आणि बसल्या जागीच गेला. काकूंचे यजमान आधीच गेलेले. घरात आता त्या एकट्या होत्या.

मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली. त्यांनी रुमाल उलगडून मोबाइल टेबलावर ठेवला. साधा, बटणांचा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. तो अभिनंदनचा होता.

"रोज चार्जिंगला लावते," त्या म्हणाल्या. "कधी बँकेचा फोन येतो, कधी आणखी कुणाचा. सुरुवातीला वाजला की धस्स व्हायचं. आता बरं वाटतं. त्याची कुणीतरी चौकशी करतंय असं वाटतं."

ते पान काय होतं, ते आधी सांगायला हवं. या गोष्टीला आता बारा वर्षं होतील. तासगावात माझी मयूरेश ऑफसेट नावाची छोटी प्रेस होती, अजून आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांची प्रगतिपुस्तकं, असली कामं. काकू आल्या त्याच्या आदल्या वर्षी अभिनंदन माझ्याकडे हँडबिल छापायला आला होता. त्याआधी दोन वर्षं एका शिबिरात त्याने रक्त दिलं होतं आणि आठवड्याने त्याला मिरजेहून बोलावणं आलं. पुन्हा तपासलं, तर त्याचा गट बॉम्बे ब्लड ग्रुप निघाला. साध्या तपासणीत हा ओ गटासारखा दिसतो. पण या माणसांना ओ गटाचं रक्तसुद्धा चालत नाही. आपल्याच गटाचं लागतं, आणि तशी माणसं हजारोंत एखादं.

"आपलं रक्त सगळ्यांना चालतं, दिगूदादा," तो हसून म्हणाला होता, "आणि आपल्याला कुणाचंच नाही."

हसला खरा, पण ते त्याच्या मनाला लागलं असावं. दोन वर्षं तो अशी माणसं शोधत हिंडला. सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, निपाणी. सुट्टीच्या दिवशी मोटारसायकल काढायची, कुणी सांगितलेल्या पत्त्यावर जाऊन थडकायचं. स्वतःला धरून अकरा माणसं जमली. त्यांची नावं आणि फोन नंबर छापून त्याला दवाखान्यांत वाटायचे होते.

मी त्याला म्हटलं, "हँडबिल चार दिवसांत कचऱ्यात जातं. त्यापेक्षा वेबसाइट करू."

मी ती विद्या नुकतीच एका पुस्तकावरून शिकलो होतो आणि मिरवायला गिऱ्हाईक शोधत होतो. तसं त्यात फार काही नव्हतं. नोटपॅड उघडायचं आणि एकच पान लिहायचं. वर शीर्षक, चार ओळींची माहिती, खाली तक्ता : नाव, गाव, फोन. चित्रं नाहीत, काही नाही. पहिल्या खेपेला मी प्रेसमधल्या नेहमीच्या फाँटमध्ये मजकूर टाकला. माझ्या संगणकावर झकास दिसला आणि कोल्ड स्टोरेजच्या संगणकावर नुसते किडे-मुंग्या. मग सगळी नावं कुठल्याही संगणकावर दिसणाऱ्या युनिकोडमध्ये पुन्हा बसून टाइप केली.

पानाला स्वतःचा पत्ता हवा होता. आम्ही सुचवू ते नाव कुणीतरी आधीच घेतलेलं निघे. शेवटी अभिनंदनच म्हणाला, "अकराजण बघा." ते मिळालं. अकराजण डॉट इन.

"आणि उद्या बारावा सापडला तर?"

"तरी नाव हेच. सुरुवात किती जणांनी केली ते कळू दे की."

एका कंपनीकडे पानासाठी जागा घेतली, नाव त्या जागेला जोडलं. नाव सगळीकडे पोचायला एक-दोन दिवस लागतील असं त्यांनी कळवलं होतं. ते दोन दिवस अभिनंदनने माझा जीव खाल्ला. दर तासाला फोन. "पोचलं का दादा?" जसं काही ते एस.टी.ने येणार होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन आला. "दादा, इथं ऑफिसात उघडलं. अकराच्या अकरा दिसतायत."

यादीत पहिलं नाव त्याचं. ते मी हट्टाने घातलं. ज्याने माणसं गोळा केली त्याचं नाव वर, हा आमचा पत्रिकेतला रिवाज. आणि पानाच्या तळाशी सवयीने "मुद्रक : मयूरेश ऑफसेट, तासगाव" असं लिहून माझा नंबर टाकला. "यात छापलंय काय, दादा?" असं म्हणून त्याने माझी खूप थट्टा केली. मी ओळ तशीच ठेवली.

त्या पानाची एक गोष्ट तेव्हा माझ्या ध्यानात आली नव्हती. कागद जुना झाला की पिवळा पडतो, कोपरे दुमडतात, बघणाऱ्याला कळतं. हे पान आपण हात लावेपर्यंत जसंच्या तसं राहतं आणि रोज तितकंच नवं दिसतं.

काकू खुर्चीत बसून माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

आता माझ्या धंद्यातली एक रीत सांगतो, म्हणजे मी पुढे तसं का म्हणालो ते कळेल. आमच्याकडे गेलेली माणसं यादीतून जात नाहीत. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली असली, तरी पत्रिकेत त्यांचं नाव सगळ्यांच्या वर येतं, फक्त आधी "कै." लागतं. नाव राहिलं तर भावकी रुसते. "कै." राहिलं तर त्याहून वाईट. एकदा मी एका जित्याजागत्या चुलत्याला "कै." लावलं होतं. ते गृहस्थ पत्रिका घेऊन प्रेसमध्ये आले आणि काही न बोलता अर्धा तास माझ्यासमोर बसून राहिले. तेव्हापासून प्रूफ हातात आलं की मी आधी "कै." मोजतो आणि मग बाकीचं वाचतो.

म्हणून मी काकूंना म्हणालो, "नाव राहू दे. मी फक्त आधी कै. लावतो."

"नको." त्या एकदम म्हणाल्या. "ते अक्षर मला बघवणार नाही, दिगंबर. शेजारचा मुलगा मला मोबाइलवर ते पान उघडून दाखवतो. सगळ्यांत वर तो असतो. त्याच्यापुढे ते अक्षर नको."

"पण काकू, ती यादी..."

"आणि पानाचं नावच अकराजण. खाली दहा नावं कशी लिहिणार तू?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण त्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यासमोर ते द्यायची माझी छाती झाली नाही.

"त्या नंबरवर कुणी रक्तासाठी फोन केला तर?"

"मी उचलीन ना. फोन माझ्याजवळच असतो."

"काय सांगाल?"

"काय सांगणार? आहे ते सांगीन."

मी मान डोलावली. एक नाव जास्त राहिलं म्हणून कुणाचं काय बिघडतंय, असं मनाशी म्हटलं. खाली आणखी दहा नंबर आहेतच. काकूंनी मोबाइल पुन्हा रुमालात गुंडाळला. जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो. कुणाचं तरी भलं केल्यासारखं मला वाटलं, हे कबूल करायला हवं.

हे डिसेंबरात झालं. पुढे लग्नसराई आली आणि मी कामात बुडालो. पान मी एकदाही उघडलं नाही.

एप्रिलमध्ये एका दुपारी एक माणूस प्रेसच्या दारात येऊन उभा राहिला. तिशीचा असेल. डोक्यावर नवी पांढरी टोपी, टोपीखाली केस काढलेले. तो दारावरची पाटी वाचत होता. मग खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याने पाटीशी ताडून बघितला.

"मुद्रक मयूरेश ऑफसेट म्हंजी तुमीच का?"

"मीच. बोला."

"मी हणमंत बंडगर. जत तालुक्यातला. हे अभिनंदन मगदूम कुटं ऱ्हात्यात, ठावं हाय का तुमाला?"

"काय काम होतं?"

"काम न्हाई. इचारायचंय."

मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. उभ्यानेच, कुणाला तरी वाचून दाखवल्यासारखा एका सुरात बोलत गेला.

"मिरजंला बायकूचं बाळंतपण झालं. मंगल नाव तिचं. पोरगी झाली. नंतर तिचं रगत थांबंना. बाटल्या आणल्या, तर एक जुळंना. सगळ्या ओच्या बाटल्या, तरी जुळंनात. मग तपासणीवाल्या बाई म्हनल्या, तिचं रगतच येगळं हाय. त्यांनी संगणक उघडून ह्यो नंबर दिला. म्हनल्या, पैलं हे तासगावचं हायत, जवळ हायत, ह्यांना लाव."

त्याने कागद माझ्यापुढे धरला. अभिनंदनचा नंबर. खाली "मुद्रक मयूरेश ऑफसेट", तेही कुणीतरी उतरवून दिलेलं.

"मी लावला. बाई बोलल्या. म्हनलं, अभिनंदन मगदूम हायत का? तर म्हनल्या, हाय, भाईर गेलाय, येईल. म्हनलं, माजी बायकू मराय टेकलीया, लगीच मिरजंला धाडा. व्हय म्हनल्या."

"काकू असं म्हणाल्या?"

"व्हय म्हनल्या, दादा. मी गेटावर जाऊन हुबा ऱ्हायलो. येतील त्या गाडीकडं बघत. तपासणीवाल्या बाई दोनदा इचारून गेल्या, दुसऱ्या कुणाला लावू का. मी म्हनलं, नगं, माणूस निघालाय, वाटंत हाय. दोन तास. परत लावला तर फोन बंद."

त्याने टोपी काढून पुन्हा घातली.

"मग बाईंनी दुसरं नंबर लावलं. कोल्लापुराचं एक सर आलं. बिचारं शाळेतनं तसंच आलं. ते आलं तवा मंगल गेल्याली. परवा तेरावं झालं."

प्रेसमध्ये मशीन चालू होतं. मी उठून ते बंद केलं. दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं.

"डाक्टर म्हनले, टायमात मिळालं असतं तरी सांगता येत नव्हतं," तो म्हणाला. "आसंल तसंबी. माजं भांडान न्हाई दादा. फकस्त इचारायचंय, येतो म्हनून ते का आलं न्हाईत."

मला तिथेच, त्या टेबलामागे उभं राहून त्याला सांगता आलं असतं. जीभ रेटेना. मी शटर अर्धं ओढलं आणि म्हणालो, "चला. घर दाखवतो."

मगदुमांचं घर जैन बस्तीच्या, तिथल्या जैन मंदिराच्या, मागल्या गल्लीत. पाच मिनिटांची वाट. हणमंत माझ्या मागून चालत होता आणि मी मनात वाक्यं जुळवत होतो. एकही पुरं झालं नाही. काकूंनी दार उघडलं. मला बघून हसल्या. मग मागच्या माणसाकडे बघितलं.

"हे हणमंत बंडगर," मी म्हणालो. "मिरजेहून यांनी फोन केला होता, काकू. गेल्या महिन्यात."

काकूंचा हात दारावरून खाली आला. त्या आत वळल्या, आम्ही मागोमाग गेलो. समोरच्या भिंतीवर अभिनंदनचा फोटो होता, निळ्या शर्टातला. त्याला हार नव्हता. काकूंनी कुणालाच घालू दिला नव्हता.

हणमंत फोटोकडे बघत राहिला. "हेच का? चांगलं दांडगं गडी हायत की." मग काकूंकडे वळून अगदी अदबीने म्हणाला, "कवा येत्याल? मी थांबतो."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. इतका वेळ जुळत नव्हतं ते वाक्य मग मलाच बोलावं लागलं.

"हणमंतराव, अभिनंदन नोव्हेंबरातच गेला. हार्ट अटॅकनं. त्याचं नाव पानावरून काढायचं काम माझं होतं. मी काढलं नाही."

बाहेर गल्लीत भांडीवाली ओरडत गेली.

"मग फोनवर?" हणमंतने विचारलं.

"मी होते," काकू म्हणाल्या.

मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल, काहीतरी फेकेल. त्याने फेकलं असतं तर मी आडवा आलो नसतो. तो भिंतीला टेकून हळूच खाली बसला. काकूंनी तांब्या-भांडं आणून त्याच्यापुढे ठेवलं. त्याने भांडं उचललं, सगळं पाणी प्यायला आणि भांडं खाली ठेवलं.

"मावशी, न्हाई म्हनायचं हुतं," तो म्हणाला. "तेवडंच. मी म्होरचा नंबर लावला असता."

काकू त्याच्यासमोर उभ्या होत्या. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं. त्यांनी विचारलं, "बाळ?"

"बरी हाय. आईकडं हाय माज्या."

तो उठला. दाराशी जाऊन चपला घातल्या, वळून पुन्हा एकदा फोटोकडे बघितलं आणि बाहेर पडला. मी स्टँडपर्यंत सोबत गेलो. वाटेत मी म्हणालो, "चूक माझी आहे." तो म्हणाला, "व्हय." जतची गाडी लागलेलीच होती. खिडकीत बसल्यावर त्याने तो कागद खिशातून काढला, माझ्या हातात दिला, आणि गाडी निघाली.

त्या दिवशी मी प्रेस पुन्हा उघडली नाही. घरी बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्या आई आहेत. तुम्हाला काय झालं होतं?" मला काही झालं नव्हतं. एका बाईला नाही म्हणायचं मला जड गेलं होतं, एवढंच. इतकी वर्षं लोकांच्या पत्रिकांतले "कै." मोजले आणि जिथे खरंच कुणाचा तरी जीव त्यावर टांगलेला होता, तिथे माझी लेखणी मऊ पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रेसवर गेलो, तर काकू बंद शटरसमोर उभ्या होत्या. हातात तोच मोबाइल, या वेळी रुमालाशिवाय, आणि एक शाळेची वही. डोळे सुजलेले होते, पण आवाज घट्ट होता.

"काढ," त्या म्हणाल्या.

मी संगणक चालू केला, फाइल उघडली. त्यांनी खुर्ची माझ्या शेजारी ओढून घेतली.

"त्याचं नाव कुठलं, दाखव."

मी ओळीवर बोट ठेवलं. त्या वाकून वाचू लागल्या. "हे आजूबाजूला कंसात काय आहे?"

"ते संगणकाला कळायला असतं. इथून ओळ सुरू, इथं संपली."

"इथं संपली," त्या म्हणाल्या. थोडा वेळ बघत राहिल्या. "हं. काढ आता."

मी ओळ काढली. कीबोर्डच्या बटणांचा आवाज इतका मोठा असतो हे मला त्या दिवशी कळलं. काकूंची नजर पडद्यावरच होती. त्या पडद्याशीच बोलल्यासारख्या बोलू लागल्या.

"त्याने विचारलं, अभिनंदन मगदूम आहेत का. इतक्या महिन्यांत असं कुणी विचारलं नव्हतं. बँकवाले नाव विचारत नाहीत, सरळ बोलायला लागतात. हा म्हणाला, आहेत का. माझ्या तोंडून आलं, आहे, बाहेर गेलाय. आणि म्हटल्याबरोबर मला वाटलं, खरंच की, बाहेरच गेलाय. मी गॅसवर चहाचं आधण ठेवलं, दिगंबर. दोन कपांचं." त्या थांबल्या. "आधण उकळल्यावर कळलं मी काय बोलले ते. परत फोन लावून सांगायचा धीर झाला नाही. बंद करून कपाटात ठेवून दिला."

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. त्यांनी वही उघडली.

"काल रात्रीपर्यंत मी बाकीच्या दहाही जणांना फोन केले. निपाणीचा नंबर आता दुसऱ्याच कुणाचा आहे. इचलकरंजीचा मुलगा पुण्याला गेला. एकाला कावीळ झाली होती, त्याचं रक्त आता घेत नाहीत. एका बाईंना दिवस गेलेत. तुझ्या पानावर दहा आहेत. खरे सहा."

वहीत प्रत्येकाच्या नावापुढे त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. मी तक्ता दुरुस्त करू लागलो. ज्या पानाच्या तळाशी मी मोठ्या तोऱ्यात माझं नाव घातलं होतं, त्यात एकच नाव खोटं नव्हतं, तर पाच होती.

"दर महिन्याच्या एक तारखेला मी सगळ्यांना विचारीन," काकू म्हणाल्या. "तुला येऊन सांगीन. तू पान बदलायचंस. आणि हा नंबर सगळ्यांच्या वर घाल. नाव घालू नकोस. नुसतं लिही, आधी इथे फोन करा."

"त्याचा नंबर?"

"तोच लोकांकडे गेलाय ना लिहून? तोच वाजणार."

मी ओळ लिहिली आणि पान चढवलं. ब्राउझरमध्ये उघडून त्यांना दाखवलं. वर पानाचं नाव, अकराजण. खाली त्यांचा नंबर. त्याखाली सहा नावं. त्यांनी चष्मा वर सारून एकेक ओळ वाचली. मग मी तोच प्रश्न विचारला, जो मी डिसेंबरात याच खुर्चीतून विचारला होता.

"काकू, फोन आला तर काय सांगाल?"

त्या उठल्या. टेबलाच्या पलीकडे जाऊन गिऱ्हाईकांच्या बाकावर बसल्या, मोबाइल मांडीवर घेतला.

"लाव," त्या म्हणाल्या.

मी प्रेसच्या फोनवरून नंबर फिरवला. त्यांच्या मांडीवर मोबाइल वाजला. त्यांनी तो कानाला लावला.

"हॅलो," मी म्हणालो. "अभिनंदन मगदूम आहेत का?"

त्यांनी श्वास घेतला. तो मला रिसीव्हरमधून ऐकू आला. मग त्यांनी फोन कापला.

"परत लाव."

मी पुन्हा फिरवला. "अभिनंदन मगदूम आहेत का?"

"तो बाहेर..." त्या म्हणाल्या. फोन कापला. पदराने तोंड पुसलं. मी म्हणणार होतो, काकू, राहू दे, मी माझा नंबर घालतो. पण लोकांना बरं वाटेल असं वागण्याची माझी ती जुनी खोड मी त्या दिवशी आवरली.

"परत."

तिसऱ्यांदा मोबाइल बराच वेळ वाजत राहिला. काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. बाहेर रस्त्याकडे बघत होत्या. तिथून एक मोटारसायकल गेली. ती दिसेनाशी झाल्यावर त्यांनी फोन उचलला.

"अभिनंदन मगदूम आहेत का?" मी विचारलं.

"अभिनंदन नाही," काकू म्हणाल्या. "तो गेला. मी त्याची आई बोलते. तुम्ही फोन ठेवू नका. पेशंट कुठे आहे ते सांगा."

आवाज टेबलापलीकडून आला आणि क्षणभराने माझ्या कानातल्या रिसीव्हरमधूनही आला. मी नुसताच रिसीव्हर धरून राहिलो. काकूंनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

"ऐकू येतंय ना? पेशंट कुठे आहे?"

"मिरजेला," मी म्हणालो.

त्यांनी लिहून घेतलं.